बायरॉइटच्या लाकडी खुर्च्या

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात बायरॉइट हे मध्यम आकाराचे गाव आहे. गावाला लागून एक हिरवी टेकडी आणि टेकडीवर विटा-लाकडाचे एक नाट्यगृह. रिचर्ड वाग्नर या संगीतकाराने ते स्वतःच्या ऑपेरांसाठी बांधून घेतले आणि १८७६ पासून तिथल्या उन्हाळी महोत्सवात जवळपास त्याच्याच कृती सादर होत आल्या आहेत. तिकिटासाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षे अर्ज करत राहिलेल्या रसिकांच्या पिढ्या होऊन गेल्या. एवढी वाट पाहून जी जागा पदरात पडते ती म्हणजे ताठ पाठीची, हात नसलेली, अरुंद आणि कडक अशी घडीची खुर्ची. अवघडून बसवणारी नाट्यगृहे जगात कमी नाहीत. पण जिच्या नावाने दीडशे वर्षे बोटे मोडली गेली आणि तरीही जी फेकून द्या असे कोणी जोर लावून म्हणत नाही, अशी दुसरी बैठक मला माहीत नाही.

या प्रेक्षागृहात सुमारे १,९०० जागा आहेत. रांगा कमानदार, एकामागे एक चढत जाणाऱ्या. मधून जायला वाट नाही. एका बाजूच्या दारापासून दुसऱ्या बाजूच्या दारापर्यंत रांग सलग जाते. त्यामुळे मधल्या जागेवाल्याने आधी आत शिरावे आणि तो पोचेपर्यंत कडेच्यांनी उभे राहावे, असा तिथला रिवाज आहे. अंक सुरू होण्याआधी पितळी वाद्ये वाजवणारे वादक दर्शनी सज्जात येतात आणि त्या दिवशीच्या ऑपेरातला एक तुकडा वाजवतात. पंधरा मिनिटे उरली की एकदा, दहा उरली की दोनदा, पाच उरली की तीनदा. मग दारे बंद होतात. उशिरा आलेला बाहेर राहतो, आणि आत बसलेल्याला वाटेल तेव्हा उठता येत नाही, कारण उठायचे तर अर्धी रांग उठवावी लागते.

आता वेळेचा हिशेब पाहा. वाग्नरचा ‘राइनगोल्ड’ अडीच तासांचा, मध्यंतराशिवाय. ‘गॉटरडॅमरुंग’चा पूर्वरंग आणि पहिला अंक मिळून दोन तासांच्या आसपास. ‘पार्सिफाल’चा पहिला अंक पावणेदोन तासांचा. मोठे प्रयोग दुपारी चारला सुरू होतात आणि रात्री दहाच्या सुमारास संपतात. मध्यंतरे तासा-तासाची असतात ती जेवणखाणासाठी खरीच, पण तेवढ्यात आखडलेली कंबर सरळ होते हाही त्यांचा उपयोग. शिवाय हा सगळा कारभार ऐन उन्हाळ्यातला. प्रेक्षागृहात वातानुकूलन नाही. पुरुष गळ्याशी बो बांधून काळ्या कोटात, बायका लांब झग्यांत, आणि दारे बंद. एखाद्याला भोवळ येणे ही तिथे नवलाची गोष्ट नसते. वादकांचे त्या मानाने बरे. त्यांचा खड्डा झाकलेला असल्यामुळे ते कोणाला दिसत नाहीत, म्हणून ते साध्या सुती कपड्यांत वाजवतात.

इगोर स्ट्राविन्स्की हा रशियन संगीतकार १९१२ साली बॅले-निर्माता डायगिलेव्ह याच्याबरोबर इथे ‘पार्सिफाल’ ऐकायला आला होता. पुढे आत्मचरित्रात त्याने त्या संध्याकाळचे वर्णन केले आहे. पाव तासात पाय बधिर झाले, जरा सरकून बसावे म्हणून हलला, तर खुर्ची कडकन वाजली आणि आजूबाजूचे सगळे डोळे त्याच्यावर रोखले गेले. तो पुन्हा मुकाट बसला आणि अंक संपायची वाट पाहत राहिला. स्ट्राविन्स्कीला वाग्नरचे एकंदर देऊळपण मुळातच रुचत नव्हते, तेव्हा त्याच्या तक्रारीतला काही भाग त्या रागाचा धरायला हवा. तरी खुर्चीबद्दलचे त्याचे म्हणणे वाग्नरभक्तांनीही कधी खोडून काढलेले नाही. जुने जाणकार उशी बरोबर बाळगत असत ते उगीच नव्हे.

इथे आपल्याकडच्या बैठकीची आठवण येणे साहजिक आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जो १९५३ पासून चालत आला आहे, खुर्च्यांच्या बरोबरीने भारतीय बैठकही असते. वर्षानुवर्षे लोकांनी तिथे सतरंजीवर बसून रात्री जागवल्या. जमीन काही खुर्चीपेक्षा मऊ नसते. पण तिथे मांडी बदलता येते, पाय लांब करता येतो, शेजाऱ्याला फारसा त्रास न देता उठून चहा पिऊन येता येते. शरीराला खरा त्रास टणकपणाचा कमी आणि एकाच स्थितीत अडकण्याचा जास्त होतो, आणि बायरॉइटची खुर्ची नेमकी तिथेच निष्ठुर आहे.

वाग्नरने मुद्दाम अशा खुर्च्या केल्या, प्रेक्षकाला डुलकी लागू नये म्हणून, अशी एक आख्यायिका हौसेने सांगितली जाते. मला ती पटत नाही, कारण साधे स्पष्टीकरण समोर आहे: पैसे नव्हते, आणि इमारत कायमची राहायची नव्हती. १८५० मध्येच त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांत आपले स्वप्न मांडले होते. उघड्या माळावर फळ्यांचे नाट्यगृह उभारायचे, प्रवेश फुकट ठेवायचा, मोजके प्रयोग करायचे आणि मग ते सगळे पाडून टाकायचे. वीस वर्षांनी तो जागा शोधत बायरॉइटला आला तो तिथले जुने ऑपेरागृह पाहायला. प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटची बहीण विल्हेल्मिना हिने ते १७४०च्या दशकात बांधवले होते आणि आज ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. रंगमंच ऐसपैस खोल, पण सज्जे सोन्याने मढवलेले आणि प्रेक्षागृह लहान. वाग्नरला ते आपल्या कामाचे वाटले नाही. गाव मात्र आवडले.

२२ मे १८७२ रोजी, म्हणजे वाग्नरच्या ५९व्या वाढदिवशी, भर पावसात टेकडीवर पायाचा दगड बसवला गेला. पैशांसाठी योजना अशी होती की ३०० थालरचे (थालर हे तेव्हाचे जर्मन चलन) एक, अशी हजार आश्रयदाता-प्रमाणपत्रे विकायची. ती पुरेशी खपली नाहीत. काम थांबायच्या बेताला आले तेव्हा १८७४ मध्ये बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १ लाख थालरचे कर्ज दिले आणि गाडे पुढे सरकले. वास्तुकार ओटो ब्रुकवाल्ड याने गॉटफ्रीड झेम्पर या दुसऱ्या वास्तुकाराच्या, म्युनिकसाठी केलेल्या पण कधीच न बांधलेल्या आराखड्याचा आधार घेतला. संगमरवर, मखमल, गिलावा, मूर्ती असल्या खर्चाला पूर्ण फाटा. नक्षीकाम पुढे कधी तरी ऐपत आल्यावर करायचे, तोवर लाकूड आणि वीट. ती ऐपत कधी आली नाही आणि ‘तोवर’ अजून चालू आहे. मूळच्या खुर्च्या लाकडी चौकटीच्या आणि बैठकीला वेत विणलेल्या होत्या. आज बैठकीवर पातळशी गादी आली आहे, पण कडकपणाचा लौकिक तिने घालवलेला नाही.

पण गरिबीबरोबर एक आग्रहही होता. त्या काळचे युरोपातले ऑपेरागृह म्हणजे नालेच्या आकारात मजल्यावर मजले चढवलेले खासगी सज्जे. दिवे जळत असत, सज्जातले लोक रंगमंचापेक्षा समोरच्या सज्जाकडे जास्त पाहत, आणि कोण कुठे बसले यावरून शहरातली प्रतिष्ठा कळे. वाग्नरने बाजूचे सज्जे काढून टाकले. मागच्या बाजूला राजेरजवाड्यांसाठी थोड्या जागा ठेवल्या आणि बाकी सगळ्यांना एकाच उतारावर, एकसारख्या खुर्च्यांवर, रंगमंचाकडे तोंड करून अंधारात बसवले. नमुना ग्रीक रंगस्थळाचा होता. १३ ऑगस्ट १८७६ रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हा जर्मन सम्राट विल्हेल्म पहिला आणि ब्राझीलचा सम्राट पेद्रो दुसरा हजर होते. लिस्ट, ग्रीग, ब्रुकनर, सँ-साँ, चायकोव्स्की हे संगीतकार त्या उन्हाळ्यात गावात आले होते.

ग्रीकांचा नमुना घेतला तर त्यांच्या उशीचा विचार मात्र राहून गेला. अथेन्समध्ये डायोनिससच्या रंगस्थळी पुढच्या रांगेत पुजाऱ्यांसाठी पाठीची संगमरवरी आसने होती. मागच्या हजारोंना दगडाच्या पायऱ्या. थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकाने माणसांचे स्वभाव रेखाटताना खुशमस्कऱ्याची एक खूण अशी दिली आहे, की रंगस्थळी तो नोकराच्या हातातून उशी घेतो आणि धन्यासाठी स्वतः मांडतो. म्हणजे उशी घेऊन नाटकाला जाणे तेव्हा सर्रास होते. रोमचा इतिहासकार कॅसियस डायो सांगतो, की सीनेटच्या सभासदांना उघड्या फळ्यांवर बसावे लागू नये म्हणून सम्राट कॅलिग्युलाच्या काळात त्यांना प्रथम उशा मिळाल्या. लंडनला १५९९ मध्ये आलेल्या थॉमस प्लॅटर या स्विस प्रवाशाने तर दरपत्रकच नोंदवून ठेवले आहे: एक पेनी दिली की उभे राहा, आणखी एक दिली की बसा, तिसरी दिली की गादीवर बसा. १९९७ मध्ये लंडनमध्येच उघडलेल्या नव्या ग्लोब थिएटरात आजही बाकांना पाठ नाही, आणि उशी भाड्याने मिळते. माणसाने नाटक ऐकायला बसणे आणि बुडाखाली काही तरी घेणे, या दोन गोष्टी इतक्या जुन्या काळापासून जोडलेल्या आहेत.

बायरॉइटची खुर्ची बदलण्याच्या आड येते ती आवाजाची भीती. इथला वाद्यवृंद रंगमंचाखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या खड्ड्यात असतो आणि वर झाकण असते. शंभरेक वाद्यांचा आवाज आधी रंगमंचाकडे जातो, गायकांच्या आवाजात मिसळतो आणि मग प्रेक्षकांकडे वळतो. छत, भिंती, जमीन बहुतांशी लाकडाची, बाजूंना पुढे आलेल्या भिंती आणि खांब. घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरून जायला लागणारा वेळ, भरल्या प्रेक्षागृहात साधारण दीड सेकंद. ऑपेरागृहाच्या मानाने तो बराच लांब आहे. हे गणिताने ठरवलेले नव्हते, कारण १८७६ मध्ये ते गणित अस्तित्वातच नव्हते.

ते गणित जन्मले ते अक्षरशः खुर्च्यांवरच्या गाद्यांतून. १८९५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवे व्याख्यानगृह उघडले आणि लक्षात आले की तिथे बोललेले काहीच कळत नाही. एक शब्द उच्चारला तर तो साडेपाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा, म्हणजे पुढची दहा-पंधरा अक्षरे त्याच्यावर चढायची. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या वॉलेस क्लेमेंट सेबिन या तरुण अध्यापकाला हे दुरुस्त करायला सांगितले. सेबिनचे वय सत्तावीस.

जवळच सँडर्स थिएटर होते. त्याच्या बाकांवरच्या लांब गाद्या सेबिनने आणि त्याच्या मदतनिसांनी रात्री उचलून व्याख्यानगृहात आणायच्या, मोजमाप करायचे आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या. काम मध्यरात्रीनंतर, कारण दिवसा ट्राम आणि विद्यार्थ्यांचा गोंगाट. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ नोंदवायचा. काही मीटर गादी आणली की घुमारा थोडा उतरायचा, आणखी आणली की आणखी. सगळ्या गाद्या आणल्यावर तो सव्वा सेकंदाच्याही खाली आला. सेबिन आवाजशोषणाचे माप सुरुवातीला चक्क ‘मीटर गादी’मध्ये मांडत असे. नंतर त्याने उघडी खिडकी हे माप धरले, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. त्याचा काटेकोरपणा इतका, की आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात आणि ते रोज वेगळे असतात हे ध्यानात आल्यावर त्याने हजारो नोंदी बाद केल्या. पुढचे सगळे प्रयोग एकाच पोशाखात केले.

१८९८च्या शरद ऋतूत त्याला सूत्र सापडले. घुमारा दालनाच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एक माणूस किती आवाज खातो, तर सुमारे अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका. या सूत्राच्या बळावर १५ ऑक्टोबर १९०० रोजी बॉस्टनचे सिम्फनी हॉल उघडले. आधी हिशेब मांडून मग बांधलेले हे जगातले पहिले संगीतगृह समजले जाते. आजही त्याची गणना जगातल्या सर्वोत्तम तीन-चारांत होते.

तिथे सेबिनचा अंदाज थोडा चुकला, आणि ही चूक आपल्या विषयासाठी फार मोलाची आहे. भरल्या सभागृहाचा घुमारा २.३१ सेकंद येईल असे त्याने काढले होते. प्रत्यक्षात तो १.९च्या आसपास भरतो. उलगडा साठ वर्षांनी लिओ बेरानेक या ध्वनिशास्त्रज्ञाने केला. सेबिनने डोकी मोजली होती. मोजायला हवे होते क्षेत्रफळ. रांगांत बसलेला श्रोतृवर्ग आवाज किती शोषेल हे त्यात माणसे किती यापेक्षा तो समूह किती चौरस मीटरवर पसरला आहे यावर जास्त अवलंबून असते. तेच दोन हजार लोक ऐसपैस बसवले तर ते दाटीने बसवलेल्या दोन हजारांपेक्षा जास्त आवाज गिळतात.

याचा अर्थ असा, की ‘गादी घातली की नाद मरतो’ हा बायरॉइटच्या कैवाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. बैठकीवरची गादी माणूस बसला की झाकली जाते. ती पातळ असो की जाड, भरल्या प्रयोगात फार फरक पडत नाही. उलट थोडी गादी उपयोगीच असते. नुसत्या लाकडी खुर्च्या असल्या तर रिकाम्या सभागृहातली तालीम आणि भरल्या सभागृहातला प्रयोग यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून आताच्या संगीतगृहांत घडीच्या खुर्चीच्या बैठकीला खालून छिद्रे ठेवलेली दिसतात. माणूस नसला की बैठक उभी राहते, छिद्रे समोर येतात आणि न आलेल्या श्रोत्याच्या वाटचा आवाज खुर्ची खाते. धोका असतो तो उंच गुबगुबीत पाठीत, मढवलेल्या हातांत, आणि सर्वांत जास्त म्हणजे गुडघ्यापुढच्या जागेत. ज्या गोष्टींनी श्रोत्याला खरा आराम मिळेल, म्हणजे रुंदी, हात टेकायला जागा, पाय पसरायला जागा, त्या सगळ्या क्षेत्रफळ वाढवतात. आणि तिकिटेही कमी करतात, हे व्यवस्थापकांच्या ध्यानात शास्त्रज्ञांच्या आधी येते.

यावर उपाय नाही असे नाही. छत उंच करून घनफळ वाढवले की ऐसपैस खुर्च्यांचे शोषण भरून काढता येते. नव्या संगीतगृहांत दर आसनामागे दहा घनमीटरच्या आसपास हवा ठेवतात ती याचसाठी. पण हा मार्ग नव्या इमारतीचा. जुन्या वास्तूचे छत वर उचलता येत नाही. व्हिएन्नाचे म्युझिकफेराइन हे संगीतगृह १८७०चे, आणि त्याच्या सोनेरी दालनाची रुंदी अवघी १९ मीटर. तिथेही खुर्च्या दाट आहेत, आणि मागे उभ्याने ऐकणाऱ्या तीनशे लोकांची सोय आहे. व्हिएन्ना, बॉस्टन, बायरॉइट ही तिन्ही नावे उत्तम नादासाठी घेतली जातात आणि तिन्ही ठिकाणी श्रोता आखडून बसतो. यात योगायोग असेलच तर थोडा. त्यांत बायरॉइटला मी मुद्दाम वेगळे काढतो. व्हिएन्नात दोन तासांत सुटका होते, बॉस्टनमध्येही. टेकडीवर मात्र वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेची चार नाटके मिळून पंधराएक तास भरतात, आणि आठवडाभरात ती सगळी त्याच खुर्चीवर ऐकायची असतात.

नाद बदलण्याची हीच भीती बॉस्टनमध्येही दिसते. तिथल्या चामड्याच्या खुर्च्या अजून १९०० सालच्याच आहेत. हलक्याफुलक्या संगीताच्या मोसमात तळमजल्यावरच्या खुर्च्या हटवून टेबले मांडतात, आणि मोसम संपला की त्याच खुर्च्या जागेवर येतात. २००६ मध्ये रंगमंचाची झिजलेली फळी बदलायची वेळ आली तेव्हा मेपलचेच लाकूड घेतले, फळ्यांच्या खालच्या बाजूची खोबणही मूळच्या मापाने कोरली, मध्ये दाबलेल्या लोकरीचा थर घातला आणि जुन्या मापाचे खिळे बनवून घेऊन ते हातोडीने एकेक ठोकले. खालचा १८९९चा लाकडी थर चांगला निघाला. त्याला कोणी हात लावला नाही.